खोली बघायला

सोमवारी आमचं लॉज ओस असतं.
अडतीस खोल्या, त्यातल्या एकतीस किल्ल्या
काउंटरमागच्या फळीवर गप लटकलेल्या,
आणि आम्ही दोघं दुपारची सुट्टी टाकून
साताऱ्यात भाड्याची खोली शोधत.

त्याला सगळे बहादूर म्हणतात.
नाव लोकेंद्र रोकाया, गाव जुमल्याकडचं,
गाडीरस्ता संपतो तिथून पुढं दीड दिवस पायी.
हे मला कळायला चार महिने लागले,
कारण मीही बहादूरच म्हणायचो.

आजवर तो हॉलमध्ये रचलेल्या गाद्यांवर झोपला.
लग्नसराई लागली, गाद्या वऱ्हाडानं घेतल्या.
मॅनेजर म्हणाला, तुझं तू बघ आता.
पगार साडेदहा, जेवण लॉजचं.
सहा गावाकडं जातात.
उरलेल्यात खोली, मोबाईल, साबण
आणि आजारी पडायचं नाही.

शाहूपुरीत बाईंनी दारातूनच विचारलं,
"फॅमिली हाय का?"
"हाय."
"कुठंय?"
"जुमल्याला."
दार लागलं.

करंज्यात पाच हजार, डिपॉझिट वीस,
लाइटबिल वेगळं, पाणी पहाटे पाचला अर्धा तास,
पाव्हणे आणायचे नाहीत.
"आमचा पाहुणा निघाला," रस्त्यात तो म्हणाला,
"तर पोचेपर्यंत भाडं वाढलेलं असेल."

सदर बझारात मालकानं आधार कार्ड मागितलं.
यानं नागरिकतेचा कागद काढला,
प्लास्टिकमध्ये चार घड्या घातलेला.
मालकानं तो हातभर लांब धरून वाचला.
अक्षरं आपलीच होती, लागत होती.
बहुतेक तेच त्याला जास्त खटकलं.

मी जतकडचा.
बारा वर्षांपूर्वी आलो तेव्हा
मला कुणी कागद मागितला नाही,
फक्त आडनाव विचारलं.
सांगितलं, तर समोरचा म्हणाला,
"खोली कालच गेली की ओ."
'भाड्याने देणे आहे' ही पाटी
त्या दारावर पुढं महिनाभर होती.
कामावर जाताना रोज वाचायचो.

हे लोकेंद्रला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.
उसाचा रस घेतला, दोन ग्लास, बिनबर्फाचे.
पैसे त्यानं दिले, मला देऊ दिले नाहीत.

शेवटी मिळाली ती गोडोलीत, गिरणीच्या माडीवर.
आठ बाय नऊ, वर पत्रा,
खिडकीत अजिंक्याऱ्याचा एक कोपरा, तोही वायरींच्या आडून.
गिरणीवाले पिसाळ, डोक्याला कायम पीठ,
त्यामुळं माणसाचं वय कळत नाही.
म्हणाले, "अठ्ठावीसशे. पण दळण चालू असलं
की जमीन हालती. चालंल?"
"चालंल. आमच्याकडं पण हालते."
पिसाळ त्याच्याकडं बघत राहिले,
मग कोयनेच्या भूकंपाचं काहीबाही बोलले,
तेव्हा ते पोटात होते की रांगत होते, असं काहीतरी.
शेवटी म्हणाले, "पोलीस ठाण्याचा कागद उद्या करू.
आधी झाडून घे."

सामान एक पिशवी, एक पातेलं,
आणि सिगारेटनं भोक पडलं म्हणून
लॉजनं रद्द केलेली चादर.
तीही त्यानं अशी अंथरली,
चारी कोपरे गादीखाली घट्ट खोचून,
जसं काही सकाळी गिऱ्हाईक उतरणार आहे.
गादी म्हणजे पुठ्ठे होते.

किल्ली एकच. तिला नंबर नव्हता.
त्यानं ती दोनदा उलटी करून पाहिली,
खिशात घातली, परत काढून पाहिली.

मग खालून बादली भरून आणायला गेला.
मी झाडू घेऊन आतच होतो.
कुणाचं तरी दळण सुरू झालं,
फरशी तळव्याला गुदगुल्या करू लागली,
तेवढ्यात दारावर पेरानं दोन टकटक,
उघडंच होतं दार,
आणि बाहेरून, मान खाली, सवयीनं,
"हाउसकीपिंग."

मी झाडू भिंतीला टेकवला.
म्हणालो, "या, लोकेंद्र. या."